भूतकाळ न होणारी आठवण

भूकंप, रस्त्यावरचा भीषण अपघात, बलात्कार, युद्ध, घराला लागलेली आग किंवा डोळ्यांदेखत झालेला खून यांसारख्या प्रसंगातून माणूस जिवंत बाहेर पडतो, अंगावरच्या जखमा यथावकाश भरतात, तो कामावरही जाऊ लागतो, आणि तरीही काही जणांच्या बाबतीत तो प्रसंग संपलेला नसतो; कित्येक महिन्यांनी, क्वचित काही दशकांनीही तो त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा घडत राहतो. या अवस्थेला मानसोपचारशास्त्रात आघातोत्तर तणाव विकार म्हणतात आणि ‘पीटीएसडी’ या आद्याक्षरांनी ती आता बऱ्याच वाचकांच्या परिचयाची झाली आहे. अशा माणसाला समाज दोन परस्परविरोधी सल्ले देत असतो. झाले गेले गंगेला मिळाले, आता तो विषयच काढू नकोस, हा त्यांपैकी एक. आणि मनात साठवून ठेवू नकोस, एकदा सगळे बोलून मोकळा हो, हा दुसरा. दोन्ही सल्ले आपुलकीने दिले जातात, परंतु गेल्या चाळीसहून अधिक वर्षांच्या संशोधनाने दोहोंच्या मर्यादा उघड केल्या आहेत, आणि त्या ओघातच कोणाला, केव्हा आणि कोणत्या रीतीने त्या आठवणीला सामोरे जाऊ द्यावे याविषयीचे बऱ्यापैकी खात्रीचे ज्ञान हाती आले आहे.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत या विकाराची लक्षणे चार गटांत मांडली आहेत. पहिल्या गटात नको असताना उसळून येणाऱ्या आठवणी, दुःस्वप्ने आणि ‘फ्लॅशबॅक’ येतात. फ्लॅशबॅकमध्ये माणसाला ती घटना या क्षणी, याच जागी घडत असल्याचा अनुभव येतो. आगीत भाजलेल्याला स्वयंपाकघरातली शेगडी पेटताच जळक्या केसांचा वास येऊ शकतो आणि अपघातातून वाचलेल्याचा पाय मागून वाजलेल्या ट्रकच्या हॉर्नसरशी ब्रेक दाबल्यासारखा ताठ होऊ शकतो. दुसरा गट टाळण्याचा: ती जागा, तो रस्ता, त्या दिवशीचे कपडे, त्या विषयावरचे बोलणे आणि शक्य झाल्यास तो विचारसुद्धा टाळणे. तिसऱ्या गटात मनोवृत्तीतले बदल येतात, म्हणजे जग धोकादायकच आहे, कोणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, जे घडले त्याला आपणच जबाबदार होतो अशा घट्ट बसलेल्या समजुती आणि जवळच्या माणसांविषयीही काहीच न वाटणे. तर चौथ्यात सततची सावधगिरी, दचकणे, चिडचिड आणि उडालेली झोप. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे विस्कळीत केले तरच निदान केले जाते. महिन्याची ही अट वरवर कारकुनी वाटली, तरी तिच्यामागे महत्त्वाचे निरीक्षण आहे; ते पुढे येईलच.

या विकाराला वैद्यकशास्त्रात हक्काची जागा मिळण्यास फार उशीर झाला आणि त्याची किंमत अनेकांनी मोजली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन सैनिकांच्या नोंदी प्रसिद्ध करताना ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला धक्का बसत असावा असा आरंभीचा तर्क होता, परंतु स्फोटाच्या आसपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागल्यावर तो टिकला नाही, आणि मग या सैनिकांकडे आजारी म्हणून पाहावे की भित्रे म्हणून, असा वाद सुरू झाला. त्याच युद्धात पळून जाणे, भित्रेपणा आणि तत्सम लष्करी गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने गोळ्या घालून ठार केलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने मरणोत्तर माफी दिली ती २००६ साली. यांतले किती जण मनाने कोसळलेले होते हे आता ठरवता येणार नाही, परंतु काही जण निश्चित तसे होते, आणि आजाराचे निदान नसले की त्याची जागा शिक्षा घेते, हे या इतिहासातून दिसते.

पुढे १९७४ साली अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांच्या प्रतिक्रियांचे पद्धतशीर वर्णन केले, आणि ते युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या लक्षणांशी विलक्षण जुळणारे होते. व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक, त्यांच्या बाजूने उभे राहिलेले मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रियांची चळवळ यांच्या रेट्यामुळे १९८० साली निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीचा समावेश झाला. सर्वसाधारण मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरची घटना हे त्या वेळी आघाताचे लक्षण मानले गेले होते. प्रत्यक्ष पाहण्या झाल्यावर मात्र असे प्रसंग मुळीच विरळा नसल्याचे आढळले आणि १९९४ च्या आवृत्तीतून ती शब्दयोजना काढून टाकावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांनुसार सुमारे ७० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी आघातकारक घटनेला तोंड द्यावे लागते, पण पीटीएसडी होतो तो एकूण लोकसंख्येतल्या सुमारे ३.९ टक्के लोकांना.

या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे थांबून पाहिले पाहिजे. बार्बरा रोथबॉम, एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बलात्कारपीडित स्त्रियांची दर आठवड्याला तपासणी केली. घटनेनंतर साधारण बारा दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये पीटीएसडीची लक्षणे पूर्ण स्वरूपात दिसत होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. म्हणजे पहिल्या काही दिवसांतली तळमळ, दचकणे आणि झोपेत ओरडत उठणे ही जवळजवळ सर्वांच्या वाट्याला येणारी प्रतिक्रिया आहे आणि निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत ती उपचारांविना ओसरते. विकार म्हणायचे ते हे ओसरणे अडून बसण्याला, आणि महिन्याच्या अटीमागचे निरीक्षण हेच आहे. मात्र उरलेल्या ४७ टक्क्यांकडे पाहून काळ हेच औषध असे म्हणणे निव्वळ क्रूरपणाचे ठरेल.

पहिल्या काही दिवसांतच मदत पोहोचवली तर हे अडून बसणे टाळता येईल, असा विचार स्वाभाविकपणे पुढे आला. आधी अग्निशामक आणि आपत्कालीन सेवेत काम केलेल्या जेफ्री मिशेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली ‘डीब्रीफिंग’ नावाची पद्धत मांडली. घटनेनंतर थोड्याच दिवसांत एक बैठक घ्यायची, तीत प्रत्येकाने काय घडले, त्या वेळी मनात काय आले, सर्वांत वाईट क्षण कोणता होता हे क्रमाने सांगायचे, आणि शेवटी तणावाची लक्षणे कोणती असतात याची माहिती द्यायची, असे तिचे स्वरूप होते. मुळात बचावकार्य करणाऱ्यांसाठी असलेली ही पद्धत लवकरच अपघातग्रस्त, दरोड्यात सापडलेले बँक कर्मचारी, प्रसूतीत त्रास झालेल्या स्त्रिया अशा सर्वांसाठी वापरली जाऊ लागली, आणि सहभागी झालेले बहुतेक लोक बैठकीनंतर समाधान व्यक्त करत असल्याने तिच्या उपयुक्ततेविषयी कोणाला शंका आली नाही.

शंका आली ती चाचण्यांनंतर. जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी कार्डिफ येथे भाजलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले, एका गटाला डीब्रीफिंग दिले, दुसऱ्याला दिले नाही, आणि तेरा महिन्यांनी दोन्ही गट पुन्हा तपासले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी असल्याचे आढळले, तर न मिळालेल्यांपैकी ९ टक्के लोकांना. डीब्रीफिंगच्या गटातल्या रुग्णांच्या जखमा आणि सुरुवातीची लक्षणे काहीशी अधिक तीव्र होती, त्यामुळे सगळा फरक त्या बैठकीच्या माथी मारणे योग्य नव्हते, आणि संशोधकांनी ते स्वतःच नोंदवले होते. परंतु रिचर्ड मेयू, आंके एलर्स आणि मायकेल हॉब्ज यांनी रस्ते-अपघातातल्या जखमींचा तीन वर्षे पाठपुरावा करून २००० साली मांडलेला निष्कर्ष अधिक बोलका होता: सुरुवातीला ज्यांना सर्वांत जास्त त्रास होत होता आणि ज्यांना डीब्रीफिंग मिळाले होते ते तीन वर्षांनीही त्रासातच होते, तर तितकाच त्रास असूनही ज्यांना कोणी बोलते केले नव्हते ते बरेचसे सावरले होते. अशा सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने आघातग्रस्तांचे सक्तीचे डीब्रीफिंग थांबवावे असा स्पष्ट अभिप्राय दिला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे तीच भूमिका घेतली.

असे का होत असावे याची काही कारणे सुचवली गेली आहेत. एका बैठकीत जखम उघडी होते, पण शांत होण्याइतका वेळ मिळत नाही. लक्षणांची यादी ऐकून माणूस स्वतःवर पाळत ठेवू लागतो. आणि एरवी आपल्या सवडीने आईजवळ, भावाजवळ किंवा मित्राजवळ थोडे थोडे बोलून जे साधले असते त्यात खंड पडतो. कारण कोणतेही असो, सद्‌हेतू आणि उपकारकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि मनाच्या उपचारांनाही औषधाइतकीच कठोर परीक्षा द्यावी लागते, हे मानसोपचाराच्या क्षेत्राला या प्रकरणाने शिकवले. लेखाच्या आरंभी आलेल्या दुसऱ्या सल्ल्याचे उत्तर इथे मिळते. आपत्तीनंतर आता पहिल्या दिवसांत केली जाणारी मदत ‘मानसिक प्रथमोपचार’ म्हणून ओळखली जाते. तीत सुरक्षित जागा, अन्नपाणी, हरवलेल्या नातेवाइकांची खबर आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे ऐकून घेणे यांना महत्त्व असून कोणालाही घटनेचा तपशील विचारला जात नाही.

पहिल्या सल्ल्याचे, म्हणजे विषयच न काढण्याचे उत्तर मिळण्यासाठी आठवण अडकून का पडते हे पाहावे लागते. आंके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी २००० साली मांडलेल्या उपपत्तीनुसार आघाताची आठवण ही तारीख नसलेल्या पत्रासारखी असते: ती वास, आवाज, दृश्ये अशा तुकड्यांत साठते, आधी काय आणि नंतर काय हा क्रम तिला नसतो, आणि म्हणून ती वर आली की धोका आत्ताचा वाटतो. साहजिकच माणूस तिला टाळतो. टाळल्याने तात्काळ बरे वाटते, म्हणून पुढच्या वेळी तो अधिक टाळतो. परंतु त्यामुळे ती आठवण वाचून पूर्ण करण्याची, तो बाजार आता सुरक्षित आहे किंवा हुंदका आला तरी आपण कोसळत नाही हे अनुभवण्याची संधी त्याला कधीच मिळत नाही. आराम देणारी गोष्टच विकार टिकवून धरते. मेंदूच्या अभ्यासातूनही काही धागे हाती आले आहेत. आठवणींना काळ आणि स्थळ यांचा संदर्भ देणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग पीटीएसडी असलेल्यांमध्ये लहान आढळतो, आणि आघातानेच तो आकसला असावा असा समज होता. मार्क गिल्बर्टसन यांच्या गटाने २००२ साली व्हिएतनाममध्ये लढलेले सैनिक आणि युद्धावर कधीच न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांची तुलना केली, तेव्हा पीटीएसडी झालेल्या सैनिकांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे हा फरक काही अंशी आधीपासूनची नाजूकता दाखवत असावा. खचलेल्या माणसाला मनाने दुबळा ठरवणाऱ्यांनी हा अभ्यास अवश्य लक्षात घ्यावा, कारण हिप्पोकॅम्पसचा आकार कोणी निवडून घेत नाही.

यातूनच आठवणीला सामोरे जाण्याच्या उपचारपद्धती घडल्या. एड्ना फोआ यांनी फिलाडेल्फियात विकसित केलेली ‘प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर’ ही त्यांतली सर्वाधिक तपासली गेलेली पद्धत. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक बहुधा दीड तासाची. आधी उपचार कसे चालतात आणि का, हे रुग्णाला समजावून दिले जाते, कारण त्याच्या संमतीवाचून पुढचे पाऊल टाकायचे नसते. मग तो डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘मी दार उघडतो आहे, धूर दिसतो आहे’ अशा रीतीने ती घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, संपली की पुन्हा सांगतो, आणि उपचारक मधूनमधून शून्य ते शंभर यांपैकी त्रास आत्ता कितीवर आहे एवढेच विचारतो. या कथनाचे ध्वनिमुद्रण केले जाते आणि रुग्ण ते घरी रोज ऐकतो. त्याच्या जोडीला टाळलेल्या पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या गोष्टींची चढत्या क्रमाने यादी करून तो एकेक गोष्ट करू लागतो; आधी बहिणीबरोबर त्या रस्त्याने दिवसा जाणे, नंतर एकट्याने, नंतर संध्याकाळी. काही आठवड्यांत कथन बदलते. विसरलेले दुवे सापडतात, क्रम लागतो, आणि ‘मी ओरडले का नाही’ असे स्वतःला विचारणाऱ्या स्त्रीला गळ्यावर सुरी होती हे सांगता सांगताच उमगते. डीब्रीफिंगशी वरवर साम्य असले तरी इथे विकार निश्चित झालेला असतो, वेळ पुरेसा असतो, प्रशिक्षित व्यक्ती आठवडे न् आठवडे सोबत असते आणि आठवण शांत होईपर्यंत कोणी उठून जात नाही.

पॅट्रिशिया रेसिक यांची ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’ घटनेच्या तपशिलापेक्षा तिच्यातून निघालेल्या समजुतींवर काम करते. साधारण बारा बैठकांत, दोष कोणाचा, विश्वास कोणावर ठेवता येतो, आपल्या हातात काय होते, अशा अडकलेल्या विचारांचे पुरावे रुग्ण स्वतः लेखी तपासतो. २००२ सालच्या तुलनात्मक चाचणीत या दोन्ही पद्धतींचा गुण जवळपास सारखाच आला. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ साली मांडलेल्या ‘ईएमडीआर’ पद्धतीत रुग्ण आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटांचा डोळ्यांनी पाठलाग करतो. तीही उपयोगी ठरली आहे, पण डोळ्यांच्या हालचालींचा त्यात खरोखर वाटा किती, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

भारतासारख्या देशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे संशोधन मात्र युद्धग्रस्त आफ्रिकेतून आले आहे. फ्रांक नॉयनर आणि सहकाऱ्यांनी युगांडातल्या छावणीत सुदानी निर्वासितांना ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’ दिली. या पद्धतीत जन्मापासून आजपर्यंतचे आयुष्य जमिनीवर दोरीच्या रूपाने मांडतात, दुःखाच्या जागी दगड आणि सुखाच्या जागी फुले ठेवतात, आणि मग एकेका दगडाची कथा सलग सांगून नोंदवली जाते. केवळ चार बैठकांनंतर, वर्षाने पाहिले तेव्हा या गटातल्या २९ टक्के लोकांना पीटीएसडी उरला होता, तर साधे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ७९ टक्के लोकांना. काँगोमध्ये लैंगिक हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रियांवरील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राथमिक शाळेनंतर काही वर्षेच शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनी रेसिक यांची पद्धत गटांमध्ये राबवली. सहा महिन्यांनी त्या गटांत नैराश्य किंवा चिंताविकाराचे संभाव्य प्रमाण ९ टक्के होते, केवळ व्यक्तिगत आधार मिळालेल्या गावांत ते ४२ टक्के होते, आणि पीटीएसडीच्या बाबतीतही चित्र असेच होते. मानसोपचारतज्ज्ञांची वानवा असलेल्या प्रदेशातही देखरेखीखाली प्रशिक्षित केलेली गावातली माणसे हे काम करू शकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

औषधांचा वाटा यापेक्षा मर्यादित आहे. सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सिटीन ही नैराश्यावरील औषधे पीटीएसडीसाठी मान्यताप्राप्त असून काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. याउलट अल्प्राझोलामसारख्या, झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी हा विकार बरा होत नाही आणि सवय लागण्याचा धोका असतो. आधीपासून घेत असलेल्यांनी मात्र त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत.

उपचारांच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. स्त्री सैनिकांवरील २००७ सालच्या मोठ्या चाचणीत प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर घेणाऱ्या ३८ टक्के स्त्रियांनी उपचार अर्धवट सोडले, आणि लष्करी रुग्णांवरील चाचण्यांच्या २०१५ सालच्या आढाव्यात लक्षणे बरीच कमी होऊनही सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचे निदान कायम राहिल्याचे दिसले. बालपणी वर्षानुवर्षे झालेला छळ किंवा न संपणारा कौटुंबिक हिंसाचार यांतून येणारी अवस्था आणखी गुंतागुंतीची असते. जुडिथ हर्मन यांनी १९९२ सालीच ते मांडले होते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले ते २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने अत्यंत क्रूरपणे करून दिली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांच्या अभ्यासात, जो १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाला, पीटीएसडी आणि नैराश्य हे दोन विकार प्रामुख्याने आढळले. त्यानंतर महापूर आले, दरडी कोसळल्या, बॉम्बस्फोट झाले, आणि दरवेळी पंचनामे घर, गुरे आणि पिके यांचेच झाले. ख्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ७७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पीटीएसडी होण्याशी ज्या घटकांचा सर्वांत ठळक संबंध दिसला त्यांत घटनेनंतर आधार न मिळणे हा एक होता, आणि हा घटक असा आहे की तो बदलणे शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या हाती आहे. बलात्कारपीडितेला दोष देणारे घर आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे घर यांतला फरक म्हणूनच आजाराच्या वाटचालीत उतरतो.

घरातले कोणी मोठ्या प्रसंगानंतर महिना उलटूनही रात्री दचकून उठत असेल, ठरावीक रस्ते आणि माणसे टाळत असेल, तर त्याला खोदून विचारू नये आणि विसरून जा असेही सांगू नये; त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि आघातावर केंद्रित उपचारांचे प्रशिक्षण त्यांनी किंवा त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतले आहे का, हे निःसंकोच विचारावे. जवळपास असे कोणी नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.